पाद्रीबाबांच्या मनुका

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत परदेशातून आलेल्या धर्मगुरूला छळण्याची पुण्यात काहीच सोय नव्हती. पाद्री मानुएल द आझेवेदु यांची त्यामुळे मोठी पंचाईत झाली. ते पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातले. परमुलखात गेलेल्या पाद्र्यांच्या ज्या कथा ऐकत ते लहानाचे मोठे झाले, त्यांत कोणाला उकळत्या तेलात टाकलेलं असे, तर कोणाला झाडाला बांधून बाण मारलेले असत. ते त्या तयारीने निघाले होते. पुण्याने त्यांना नागझरीपलीकडे एक कौलारू घर दिलं, तोफखान्यातल्या फिरंगी गोलंदाजांचे गुरू म्हणून त्यांची नोंद केली, आणि त्यानंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

छळ सोसायला बळ मिळावं म्हणून काय मागायचं, हे त्यांना मठात शिकवलेलं होतं. दुर्लक्ष सोसण्याची प्रार्थना मात्र त्यांची त्यांनाच तयार करावी लागली. ती अगदी आखूड होती. सकाळी उठून ते भिंतीवरच्या क्रूसापुढे गुडघे टेकत आणि म्हणत, "आजच्यापुरता धीर दे. उद्याचं उद्या मागेन." देवालाही हा व्यवहार पटला असावा, कारण वर्षं निघून गेली आणि धीर पुरत गेला.

हाल नव्हते असं नाही. बरोबर निघालेला जिवाभावाचा सोबती आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तापाने गेला. त्याला समुद्रात सोडताना प्रार्थना यांनीच म्हटली होती. दर पावसाळ्यात तोच ताप यांनाही गाठे. गोव्यात वर्षभर राहून ते कोंकणी शिकले आणि तिच्यावर पुण्यात कामचलाऊ मराठी रचू लागले. पुणेकर त्यांचं बोलणं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेत, आणि मग उत्तर देण्याऐवजी उच्चार सुधारून देत. ताप परवडला, असं पाद्रीबाबांचं मत होतं.

इतक्या वर्षांत शहरातला एकही माणूस त्यांच्या धर्मात आला नाही. एक जण आला होता, पण तोफखान्यात चाकरी मिळावी म्हणून. पाद्रीबाबांनी त्याला समजावून परत पाठवलं, आणि तो गेल्यावर ते बराच वेळ दाराकडे बघत बसले.

त्यांच्याकडे आपणहून येणारी माणसं दोनच. पहिले नारायण पेठेतले यज्ञेश्वरशास्त्री. त्यांना वादाची हौस होती आणि पेठेतले सगळे प्रतिस्पर्धी हरवून झाले होते. ते ओट्यावर वेगळ्या पाटावर बसून ईश्वर एक की तीन यावर तासन्‌तास बोलत आणि घरी जाताना नदीवर स्नान करत. सुरुवातीला पाद्रीबाबांना त्या स्नानाचं वाईट वाटे. पुढे कळलं की शास्त्रीबुवा नारायण पेठेतल्या काही मंडळींशी बोलूनही स्नान करतात. मग वाईट वाटेनासं झालं.

दुसऱ्या सोजरबाई. पाद्रीबाबांच्या घराला लागूनच, नागझरीच्या काठाला, त्यांचा भाजीचा मळा होता आणि त्यांच्या कोंबड्या दोन्ही अंगणांत चरत. नवरा कधीच वारला होता. मुलं नव्हती. पाद्रीबाबांकडे पाणी भरणं आणि झाडलोट करणं हे काम त्यांना कोणी सांगितलं होतं, ते कोणालाच आठवत नव्हतं. एवढा मोठा बाप्या आणि त्याला चूल पेटवता येत नाही, हे एकदा त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या यायला लागल्या.

"तुमच्या देशात बाया न्हाईत का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

"आहेत."

"मग हितं कशापायी आलाव?"

पाद्रीबाबांनी आपल्या परीने ते समजावून सांगितलं. सोजरबाईंनी ऐकलं, मान हलवली, आणि माणूस भला आहे पण घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं होतं, असा निष्कर्ष काढून त्या मेथी खुडायला गेल्या.

आता मनुकांचं.

मिस्सा, म्हणजे पाद्रीबाबांची देवपूजा, म्हणायला दोन वस्तू लागतात. गव्हाची भाकर आणि द्राक्षाची मदिरा. गहू पुण्यात मिळत असे. मदिरेचं अवघड होतं, कारण शहरात दारूला सक्त मनाई होती. मात्र गोव्याहून वर्षाला एक लहान पिंप आणायची पाद्रीबाबांना परवानगी होती. त्या वर्षी पिंप आलं, पण घाटात कोणत्या तरी नाक्यावर ते उन्हात पडून राहिलं होतं. फोडलं तेव्हा आत मदिरेचा आंबून झालेला शिरका निघाला. पाद्रीबाबांनी जिभेवर थेंब घेतला आणि पिंप पुन्हा बंद केलं.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण पंधरवड्यावर आला होता. एरवी त्यांनी हेही देवाच्या इच्छेत जमा केलं असतं. पण कर्नाटकाच्या मोहिमेवर तोफा निघायच्या होत्या, आणि गोलंदाजांना हुकूम आला होता की पास्काच्या रविवारनंतर सोमवारी कूच. मागच्या मोहिमेच्या वेळी पाद्रीबाबा तापाने निपचित पडले होते. गोलंदाज प्रसाद न घेता गेले आणि त्यांतले दोघे परत आले नाहीत. त्यांच्या बायकांनी पाद्रीबाबांना कधी शब्दाने दुखवलं नाही. मिस्साला आल्या की त्या मागे बसत, एवढंच. या खेपेला जाणाऱ्याला प्रसाद दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट पाद्रीबाबांनी त्या वर्षी देवाकडे उद्यासाठी म्हणून मागितली. आखूड प्रार्थनेचा नियम मोडून.

पुण्यात द्राक्षं होती, पण ती सरदारांच्या बागांत होती आणि तिथून सरदारांच्या पोटात जात. मनुका मात्र बुधवार पेठेत मिळत. मनुका पाण्यात मुरवून केलेला रसही चालतो, त्याला द्राक्षाचा रंग आणि चव असली म्हणजे झालं, असं पाद्रीबाबांना मठात शिकवलं होतं. शिकताना ते हसले होते. त्यांच्या गावी द्राक्षांचे वेल चेस्टनटच्या झाडांवर चढलेले असत आणि घड काढायला शिडी लागे; सुक्या मनुका भिजवून मदिरा करायची वेळ कोणावर येईल, हे त्या वयात खरं वाटलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की परवानगी मदिरा आणण्याची होती, करण्याची नव्हती. करणाऱ्याला शहराबाहेर काढत. पाद्रीबाबांनी हे शास्त्रीबुवांपुढे मांडलं.

"चावडीवर जाऊन विचारावं म्हणतो," पाद्रीबाबा म्हणाले.

"विचारू नका."

"पण न विचारता करणं म्हणजे राजाची आज्ञा मोडणं."

"विचारलंत की त्यांना नाही म्हणावं लागेल. मग करणं म्हणजे आज्ञा मोडणं. आत्ता आज्ञा कुठंय? ताकावर आहे? लोणच्यावर आहे? आमचे वैद्यबुवा याच मनुकांचं द्राक्षासव घालतात. महिनाभर गाडग्यात बुडबुडत असतं. त्यांच्या दारावरून कोतवाल रोज जातो, घोडं थांबवून तब्येत विचारतो."

"ते औषध आहे."

"वैद्याने मुरवलं की औषध, तुम्ही मुरवलं की गुन्हा. तुम्ही ईश्वराचे तीन भाग करता ते मी ऐकून घेतो, आमच्या राज्याचे दोन तुम्ही घ्या समजून."

पाद्रीबाबांचं समाधान झालं नाही, पण मनुका आणल्या. चिनी बरणीत पाणी घालून त्या भिजत घातल्या, तोंडाला फडकं बांधलं, आणि बरणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. चैत्राच्या उन्हाने आपलं काम सुरू केलं. रोज सकाळी ते बरणीला कान लावून आतली कुजबुज ऐकत. त्यांच्या बापाचीही रोज सकाळी पिंपाला कान लावायची सवय होती. सोजरबाई हा प्रकार दारातून पाहत आणि झाडलोट पुढे चालू ठेवत.

पुण्यात दुर्लक्ष कितीही चोख असलं तरी वासाकडे होत नाही. पलीकडच्या वाटेने जाणाऱ्या एका सद्‌गृहस्थाला आंबूस-गोड वास आला. त्याने तो नीट घेतला, खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन घेतला, आणि मग कर्तव्य म्हणून बुधवारातल्या कोतवाल चावडीवर वर्दी दिली.

सणाआधीच्या शनिवारी सकाळी पाद्रीबाबा गोलंदाजांच्या वस्तीतून घरी आले. जाणाऱ्यांची पापनिवेदनं ऐकून ते थकले होते, पण मन हलकं होतं. दुपारी रस गाळायचा, रविवारी पहाटे मिस्सा. अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा त्यांना तुळशीच्या कट्ट्यासारख्या बांधलेल्या दगडी ओट्यावर चिनी बरणी दिसली. स्वच्छ घासलेली. उपडी घातलेली. उन्हात वाळत होती.

"नासलं व्हतं, बाबा," सोजरबाई परसातून म्हणाल्या. "फडकं काढलं तर वर ही एवढाली फेसाची साय. किती दिस ठेवलं व्हतं? ताप येतो म्हनून मनुकाचं पानी करून ठिवायचं ते ताजं ठिवावं मानसानं. सांगितलं असतं तर म्या करून दिलं नसतं व्हय?"

पाद्रीबाबा ओट्यावर बसले. मनुकाचं पाणी आजाऱ्याला देतात हे पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत होतं, आणि फेसाळलेलं ते टाकून देतात हेही. यात सोजरबाईंची चूक काढायला जागा नव्हती. सोबत्याला समुद्रात सोडल्यानंतर अशी बधिरता त्यांना पहिल्यांदाच आली. सोमवारी जाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. तोंडातून शब्द आला तो रोजचाच. आजच्यापुरता धीर दे. आज तो जरा जास्त लागणार होता.

तेवढ्यात फाटकातून चावडीचे कारकून दिगंबरपंत आत आले, आणि त्यांच्यामागून एक प्यादा.

दिगंबरपंत सरळ मनाचे, पोटाचे नाजूक आणि नियमाचे पक्के गृहस्थ होते. त्यांनी उपरण्याने घाम पुसला आणि म्हणाले, "पाद्रीबुवा, आपल्याकडे मनाई असलेला पदार्थ तयार होतो अशी वर्दी आहे. पाहावं लागेल. राग मानू नये."

"पाहा," पाद्रीबाबा म्हणाले. त्यांना आता कसलीच भीती उरली नव्हती.

प्याद्याने घर पाहिलं. शिरक्याचं पिंप हुंगून तो शिंकत बाहेर आला. दिगंबरपंतांनी उपडी बरणी पाहिली. ती इतकी लख्ख होती की तिच्याविरुद्ध काही म्हणणं कठीण होतं. ते परत फिरणार, इतक्यात एक कोंबडी त्यांच्या जोड्यांजवळून तिरकी गेली. तिला सरळ जायचं असावं. मागून दुसरी आली, थांबली, आणि विचार करता करता बसली. अळूच्या वाफ्यात कोंबडा एका पायावर उभा राहून दुसरा कुठे ठेवावा याचा निर्णय घेत होता. वाफ्यात मनुकांचा चोथा पसरलेला होता.

"कोंबड्यांना काय झालंय?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"ऊन," सोजरबाई म्हणाल्या.

"उन्हाने कोंबडी गाते?"

खरंच, एक गात होती. प्याद्याने तोंड फिरवलं.

"नासक्या मनुका टाकल्या त्यांस्नी. मी टाकल्या, बाबांनी न्हाई. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. न्हाईतर कोंबड्यांच्या."

"कोंबड्यांबद्दल हुकूम नाही," दिगंबरपंत खेदाने म्हणाले. ते घरात डोकावले, आणि तेव्हा त्यांना कोनाड्यातला तांब्या दिसला. वर वाटी झाकलेली. "त्यात काय आहे?"

"तेच. मनुकाचं पानी," सोजरबाई म्हणाल्या. "वरचा फेस काढून टाकला, खालचा गाळ टाकला. मधलं निवळ चांगलं दिसलं, ते दोनदा गाळून ठिवलं. एवढ्या मनुका भिजवल्याल्या, सगळंच कसं टाकायचं? बाबांना तापात हुईल."

पाद्रीबाबा ताडकन उभे राहिले. गावी त्यांचा बाप हेच करत असे, फेस काढून, गाळ सोडून, मधलं तेवढं. म्हणजे मदिरा होती. हातभर अंतरावर होती. आणि ती सापडल्याचं त्यांना आणि कोतवालीला एकाच क्षणी कळलं होतं.

आता पदार्थ तपासायला हवा होता. दिगंबरपंत तांब्याकडे बघत राहिले. फिरंग्याच्या घरातल्या तांब्यातलं चाखणं शक्यच नव्हतं. जवळ जाऊन हुंगणं म्हणजे निम्मं चाखल्यासारखंच. पुणे शहरात मनाईचा हुकूम काढणाऱ्याने ही अडचण लक्षात घेतली नव्हती.

"मी बघू का घोटभर?" प्याद्याने विचारलं. त्याच्या स्वरात राज्याविषयी जी आस्था होती, ती दिगंबरपंतांना जरा जास्त वाटली.

"तू नको." ते पाद्रीबाबांकडे वळले. "तुम्हीच सांगा. आम्ही तुमच्या शब्दावर जाऊ. यात मनुका आणि पाणी यांखेरीज काय घातलंय?"

"काही नाही."

"झालं तर. आमच्याकडेही वैद्यबुवांचं द्राक्षासव असतं. जेवणानंतर पळीभर घेतो मी, पोटासाठी. तसंच काहीसं औषध म्हणायचं ना हे?"

दार सताड उघडं होतं. हो म्हणायचं आणि संपलं. सोजरबाई डोळ्यांनी खूण करत होत्या. पाद्रीबाबांना शास्त्रीबुवांचा सल्ला आठवला, मागे बसणाऱ्या त्या दोघी आठवल्या. पण या रसाला उद्या पहाटे ते देवाचं रक्त म्हणणार होते, आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सत्य होतं. त्याची सुरुवात आदल्या दिवशी खोट्याने करायची, हे त्यांना जमेना. ज्याच्यासाठी आलो त्यानेच आता बघावं, असं मनात म्हणून त्यांनी हात जोडले.

"औषध नाही, पंत. मुरवलेलंच आहे. मीच मुरवलं. आमच्या देवाच्या पूजेला लागतं."

सोजरबाईंनी कपाळाला हात लावला. दिगंबरपंतही नाराज झाले. इतक्या सोयीचा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नव्हता.

"पूजेला म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. "वाहता? की पिता?"

"पितो."

"कोण कोण?"

"मी एकटा. घोटभर. त्यातही पाण्याचा थेंब घालून."

"आणि तोफखान्यातले?"

"त्यांना भाकरीचा तुकडा. जिभेवर."

"भाकरीचा." दिगंबरपंतांनी हे मनाशी घोळवलं. "आधी मंत्र म्हणता?"

"म्हणतो."

"आदल्या रात्रीपासून उपास?"

"मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही."

"मग अहो, तीर्थ आहे ते," दिगंबरपंत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सरसर उतरला. "आणि तो प्रसाद. दारू दारू काय लावलंय मघापासून? माणूस उपाशीपोटी, मंत्र म्हणून, पळीभर घेतो, त्याला कोणी दारू म्हणतं? तीर्थाची झडती घ्यायचा अधिकार चावडीला नाही. हात लावणंसुद्धा बरोबर नाही." ते दोन पावलं मागे सरले. आता त्यांना तांब्यापासून लांब राहायला शास्त्राचा आधार मिळाला होता. "वर्दीत काही निघालं नाही. कोंबड्या आजारी, असं लिहीन. पुढच्या वर्षी मात्र झाकण घट्ट ठेवा. वास जातो."

फाटकापाशी ते थांबले. "सोमवारी निघताहेत ना ही मंडळी? माझा मेहुणा तोफखान्याच्या हिशेबाला आहे, तोही जातोय. तुमच्या त्या मंत्रांत कोणाचं नाव घेता येतं का? आपलं विचारून ठेवलं."

"येतं," पाद्रीबाबा म्हणाले.

"श्रीधर," दिगंबरपंत म्हणाले आणि प्याद्याला पुढे घालून निघून गेले.

रविवारी पहाटे मिस्सा झाली. रस जरासा आंबट होता, पण रंग होता आणि चवही होती. गोलंदाज एकामागून एक गुडघे टेकून प्रसाद घेऊन गेले. त्या दोघी या खेपेला पुढे येऊन बसल्या. नावं घेताना पाद्रीबाबांनी 'श्रीधर' असं स्पष्ट म्हटलं. उच्चार बरोबर आला. मोहीम संपल्यावर सगळे गोलंदाज परत आले. त्यांतला एक लंगडत आला, पण आला. मेहुणाही आला, आणि पहिल्यापेक्षा जाड होऊन आला, त्यामुळे दिगंबरपंतांनी या प्रार्थनेबद्दल कोणाजवळ फारसं बोलणं टाळलं.

त्या रविवारी दुपारी पाद्रीबाबा ओट्यावर बसले होते. कोंबड्या सावलीत गप्प होत्या आणि त्यांना आवाज सहन होत नव्हता. सोजरबाई भाकरी घेऊन आल्या.

"बाई, तुम्ही तो मधला रस ठेवला नसता तर आज काहीच झालं नसतं," पाद्रीबाबा म्हणाले.

"नासलेलंच व्हतं ते," सोजरबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. सगळं टाकलं तर तुमाला जड वाटंल म्हनून थोडं ठिवलं. रोज सकाळी त्या बरनीला कान लावून बसायचाव तुमी. मला वाटलं, मानसाला बोलायला कोन न्हाई."

पाद्रीबाबांनी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूसापुढे बसल्यावर ते आखूड प्रार्थनेच्या शेवटी थांबले आणि आणखी एक वाक्य म्हणाले. ते पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे पाणी भरणाऱ्या सोजरबाईंना कळलं नाही, मधे आपलं नाव आलं तेवढं ऐकू आलं. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "काय पायजेल?"

"काही नको," पाद्रीबाबा म्हणाले.